राजापेठेतला बिबट

राजापेठ, अमरावती
दसरा झाला, दिवाळी यायची आहे

तीर्थरूप देवानंददादास,

धाकट्या पौर्णिमेचा वाकून नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण आमच्या खोलीत एवढं लांब पसरायला जागा नाही. पाय दाराबाहेर जातील आणि घरमालक त्यावरही काहीतरी बोलतील.) इकडे आम्ही तिघंही जिवंत आहोत. याहून जास्त खुशाली लिहिली तर ती खोटी होईल, आणि खोट्याचं आमच्या घरी सध्या जरा जास्तच झालेलं आहे, ते पुढे येईलच. तुझा गुडघा कसा आहे? वाऱ्याने केळी आडव्या झाल्या असं ऐकलं, त्यातल्या किती उभ्या राहिल्या? वहिनींना नमस्कार सांग. त्यांनी दिलेलं लोणचं संपलं. आम्ही ते भाजी समजून खाल्लं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, तुझा फोन म्हणजे गावचा भोंगा. तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर बसतोस, आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत समोरच्या पानठेल्यावरची माणसं मला विचारतात, ‘काय वं पौर्णिमा, जमलं का अमरावतीत?’ जमलं नाही. हे त्यांना ऐकवायचं नव्हतं म्हणून पत्र. आणि लिहिते आहे ते पुस्तकी मराठीत, कारण आपल्या बोलीत लिहायला बसले की दोन ओळींत भांडण केल्यासारखं दिसतं, आणि मला तुझ्याशी भांडायचं नाही. निदान पहिल्या पानावर तरी नाही.

मागचं सगळं तुला माहीत आहे. तरी एकदा लिहिते, कारण ते या घरात कोणी बोलत नाही आणि कुठेतरी उतरवून टाकल्याशिवाय मला पुढचं लिहिता यायचं नाही. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली. रागिणीचे बाबा तिथे फिटर, देवमन गठाणी बांधणारा. दोघं बरोबर जेवायचे. माझी भाजी देवमन खायचा आणि त्याच्या बायकोची, भागीरथाची भाजी हे खायचे, आणि घरी येऊन ‘भागीरथाच्या हाताले चव आहे’ असं वर मलाच सांगायचे. (यावरून मी एकदा चूल पेटवली नव्हती. आता वाटतं, सांगू द्यायचं होतं.) देवमन आत अडकला, हे आत शिरले. बाहेर आले ते एकटेच, आणि डावा हात कोपरापर्यंत जळालेला. त्या हाताची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली, पान्हा धरता येईना. जिनिंग बंद पडलं, आवारातली खोली सोडावी लागली. एवढं तू डोळ्यांनी पाहिलंस. जे पाहिलं नाहीस ते असं की त्या दिवसापासून यांनी आगीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. पोलिसांना ‘हो’ आणि ‘नाही’, डॉक्टरला तेवढंही नाही. भागीरथाच्या गल्लीवरून जावं लागू नये म्हणून हे भाजी आणायला अख्ख्या अकोटाला वळसा घालायचे. असाच वळसा घालत घालत आम्ही जूनमध्ये अमरावतीला येऊन पडलो, असं म्हण.

इथे पहिली गाठ घरमालकांशी. केशवराव त्यांचं नाव, निवृत्त आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली कोणी नव्हतं ते आता आम्ही आहोत. नळाला हात लावण्याचे नियम, जिना चढण्याचे नियम, चपलांची तोंडं कुठे असावीत याचा नियम. त्यांच्या चहाआधी मिरचीची फोडणी द्यायची नाही, कारण ठसका लागतो. मी म्हटलं, काका, मी मेस चालवणार आहे, पोरी सकाळी क्लासला जातात, त्यांना डबा लागतो. तर म्हणाले, हळदीची फोडणी द्या. सकाळी हे गृहस्थ ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत, पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीसकट. त्यांच्या पत्नी पार्बताबाई आत बसून फक्त निधनवार्तांना ‘हो का’ म्हणतात.

यांना काम मिळालं ते एका कोचिंग क्लासच्या पार्किंगमध्ये. इथे क्लास म्हणजे आपल्याकडची यात्रा समज. सुटला की रस्ताभर पोरं आणि गाड्या. सरांनी यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि सांगितलं, गाड्या नीट लावून घ्यायच्या. दादा, ज्या माणसाने मशीनच्या घरघरीवरून ‘आतला पट्टा ढिला झाला’ असं ओळखायचं, त्याच्या गळ्यात शिट्टी. हे ती वाजवत नाहीत. कोणाला हटकतही नाहीत. पोरगं गाडी वाकडी लावून गेलं की हे चांगल्या हाताने आणि मांडीच्या जोराने ती उचलून सरळ करतात. बरं, सरळ करून थांबावं की नाही? फिटरचा स्वभाव. एका कंपनीच्या गाड्या एका रांगेत, त्यातही रंगाप्रमाणे. दिसायला एवढं सुंदर की मी मुद्दाम बघायला गेले होते. पण क्लास सुटला की कोणाचीच गाडी ठेवल्या जागी नाही! पहिल्याच आठवड्यात दोघं चोरीची तक्रार द्यायला पोलीस चौकीवर गेले. पांढऱ्या स्कूटींच्या रांगेतून एक मुलगी भलतीचीच गाडी घेऊन बडनेऱ्याला पोचली (किल्ली कशी लागली, हे आजवर कोणाला कळलेलं नाही). सर म्हणाले, काका, शिट्टी वाजवा, नाहीतर मला दुसरा माणूस पाहावा लागेल. हे मान हलवून घरी आले आणि शिट्टी खुंटीला टांगली.

माझं याहून बरं चाललं असेल असं समजू नकोस. मी दाराला पाटी लावली: ‘घरगुती जेवण, भरपूर सांबार टाकून’. तीन मुली आल्या, नाशिककडच्या. ताट वाढलं. जेवेचनात, नुसत्या वाट बघत बसल्या. मी म्हटलं काय झालं, तर त्यातली प्रियदर्शनी म्हणते, काकू, सांबार यायचं आहे ना? मी म्हटलं, वरणावर टाकलं आहे की. तिने वरणात चमचा घालून तळापर्यंत शोधलं. कोथिंबिरीला फक्त आपणच सांबार म्हणतो आणि बाकीची दुनिया त्या नावाचं भलतंच काहीतरी पिते, हे मला या वयात कळलं. तरीही गोडीत घ्यावं म्हणून मी मायेने म्हटलं, ‘जेव ना वं, काहून टाकून राहिली? माह्या हातात का जहर आहे?’ पोरगी रडायला लागली. तिने आईला फोन लावला, आईने माझ्याशी बोलायचं म्हटलं, आईशीही मी तेवढ्याच मायेने बोलले, आणि संध्याकाळी दोन मुली मेस सोडून गेल्या. प्रियदर्शनी राहिली. रडल्यावर तिला भूक लागते.

पण हे सगळं मी काढलं असतं, दादा. रडून, ओरडून, हळदीच्या फोडणीवर काढलं असतं. खरा घाव पडला तो रागिणीच्या शाळेत.

पाचवीत घातलं तिला. हे तिला सोडायला जायचे, डावा हात दुपट्ट्यात गुंडाळलेला. तुला माहीत आहे, तो हात ते मलाही दाखवत नाहीत. मलम लावायचं तरी भिंतीकडे तोंड करून स्वतः लावतात. वर्गातल्या पोरींनी विचारलं, तुझ्या बाबांच्या हाताला काय झालं, ते लागट आहे का? एकीने तर बाकावरून दप्तर उचलून दुसरीकडे नेलं. रागिणी घरी येऊन काही बोलली नाही, नुसती भिंतीला टेकून बसली, बापासारखी. एका खोलीत दोन मुकी माणसं आणि मी. मी तव्याशी बोलायला लागले होते.

आणि मग एकाएकी सगळं पालटलं. रागिणीला मैत्रिणी मिळाल्या. एक नाही, घोळका. शाळेच्या फाटकाशी पोरी यांना बघायला थांबायला लागल्या, ‘काका नमस्ते’ म्हणायला लागल्या. एकीच्या आईने चिवड्याचा डबा पाठवला. मी म्हटलं, देवाने ऐकलं, आणि अंबादेवीला नारळ बोलून बसले. (तो अजून फोडायचा आहे. काय सांगून फोडू, तेच कळत नाही.)

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून निरोप आला, रागिणीच्या आईवडिलांनी यावं. आम्हाला वाटलं पालकसभा. यांनी लग्नात तू दिलेला सदरा घातला, मी जांभळी साडी नेसले. जाऊन बघतो तर सभागृह भरलेलं, मंचावर वाघाचं भलं मोठं चित्र, वर लिहिलेलं ‘वन्यजीव सप्ताह’, आणि एक बाई लगबगीने येऊन यांना मंचावर घेऊन गेल्या. मला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं, पालकांपैकी कोणातरी एकाला मंचावर बसवायची इथली रीत असेल. शहर आहे, काहीही असतं.

मग मुख्याध्यापिका बाई बोलायला उठल्या. म्हणाल्या, मेळघाटच्या जंगलात बिबटाच्या जबड्यातून सुटून आलेलं एक धाडसी व्यक्तिमत्त्व आज आपल्यात आहे. मी आजूबाजूला पाहिलं, कोण आहे म्हणून. म्हणाल्या, त्या झुंजीची खूण त्यांच्या डाव्या हातावर आजही आहे. दादा, मी रागिणीकडे पाहिलं. ती पोरींच्या रांगेत बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे असं बघत होती की जणू तो आत्ताच उगवला आहे.

हे माइकपाशी आले. मला वाटलं, आता हा माणूस मंचावरून उतरेल आणि चालत चालत अकोटापर्यंत जाईल. ज्याने दीड वर्षात घरात दहा वाक्यं सलग बोललेली नाहीत, तो शाळाभर पोरांसमोर काय बोलणार? हे नुसते उभे राहिले. कोणीतरी खोकलं. मग यांनीही रागिणीकडे पाहिलं, आणि ती यांच्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला आयुष्यभर पुरेल.

“दुपार होती,” हे म्हणाले. “लय तपन होती. आमी दोघं होतो. मी आन देवमन.”

ते नाव मी त्यांच्या तोंडून आगीनंतर पहिल्यांदा ऐकलं.

“तो आला ते कोनाले समजलंच नाई. आधी वास आला. मंग आवाज आला, मोठा आवाज, जसं कोनी लय कपडे एकदम फाडून राहिलं. देवमन आतल्या बाजूले होता. त्यानं मले हाक मारली.”

एका पोराने हात वर केला. म्हणे, काका, बिबट कसा होता? आणि हे म्हणाले, “लाल.” पोरगं म्हणालं, पण बिबट लाल नसतो. “तो होता,” हे म्हणाले.

मुख्याध्यापिका बाईंनी डोळ्याला पदर लावला होता. त्या एक गोष्ट ऐकत होत्या आणि मी दुसरी, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून. यांनी डाव्या हातावरचा दुपट्टा सोडला. सगळ्यांसमोर. हात वर केला आणि म्हणाले, “मी असा धरला त्याचा हात. त्यानं बी माहा धरला. वढलं मी. पाय टेकून वढलं. तो तिकून वढून राहिला, मी इकून.” मग हात खाली घेतला. “मी नाई सोडला, बाप्पा. सुटला.”

पहिल्या रांगेतली एक लहानशी पोर उभी राहून म्हणाली, “मग ते काका वाचले?”

मी देवाला म्हटलं, हो म्हणू दे यांना. नाहीतरी सगळं खोटंच चाललं आहे, त्यात एवढं एक खोटं आणखी खपून जाईल. कोणाचं काय जातं?

“नाई,” हे म्हणाले, आणि जाऊन खुर्चीवर बसले.

आता अशा वेळी काय करायचं ते शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं नसतं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या बाई घाबरून ‘जोरदार टाळ्या’ असं ओरडल्या, आणि टाळ्या वाजल्या. शाल दिली, नारळ दिला आणि वर कडुनिंबाचं रोप दिलं कुंडीसकट. एकच हात धड असलेल्या माणसाला तिन्ही एकदम. नारळ सुटला, मंचावरून गडगडत खाली आला, दोन पोरं त्याच्यामागे धावली, ती एकमेकांवर आपटली, एकाच्या ओठातून रक्त आलं. ‘बिबटाचा पहिला बळी’ असं कोणीतरी म्हणालं आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसले, दादा. हसत होते आणि डोळे गळत होते, आणि शेजारच्या बाई म्हणत होत्या, अभिमान वाटत असेल ना तुम्हाला?

ऑटोत आम्ही तिघं, मधे रागिणी, तिच्या मांडीवर कुंडी. राजापेठेच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा हे समोर बघत म्हणाले, “बिबटच काहून?”

ती म्हणाली, “आग म्हंतलं की सगळे अरेरे म्हनतात. बिबट म्हंतलं की बापरे म्हनतात. मले अरेरे नाई पाहिजे होतं.”

यांनी नाकातून हवा सोडली. बाहेरचा माणूस त्याला उसासा म्हणेल. आमच्या घरात सध्या त्याला हसणं म्हणतात.

इथे हे संपलं असतं तर मी हे पत्र आनंदाने लिहिलं असतं. पण कोण्या शिक्षकाने फोटो छापायला दिला. सकाळी मी हळदीची फोडणी टाकत होते आणि खालून केशवरावांचा आवाज आला: बिबटाशी झुंजणाऱ्या शूरवीराचा सत्कार. पुढे वाचतात: अकोट येथील देवमन यांचा या हल्ल्यात मृत्यू. आणि पार्बताबाई आतून म्हणाल्या, हो का. कढई माझ्या हातून पडली. केशवराव जिना चढून स्वतः वर आले. मिरचीची फोडणी केव्हाही द्या म्हणाले. गच्चीवर माकडं फार येतात, साहेब एकदा नुसते उभे राहिले तरी पुरे, असंही म्हणाले. (साहेब आत दोरीवर ओला सदरा वाळत घालत होते.)

दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयातून फोन. बोलणारा इतका सज्जन होता की मला त्याचा राग आला. म्हणे, ताई, आमच्याकडे या हल्ल्याची नोंदच दिसत नाही, आमच्या खात्याची चूक झाली असेल, मृताच्या बायकोवर अन्याय व्हायला नको. आम्ही अकोटला माणूस पाठवून त्यांना भेटतो. मी ‘रेंज नाही’ म्हणून फोन ठेवला. तू डोळ्यापुढे आण. भागीरथाच्या दाराशी वनखात्याची गाडी थांबली आहे आणि एक भला माणूस तिला विचारतो आहे, बाई, तुमच्या नवऱ्याला ज्या बिबटाने मारलं तो नर होता की मादी? मी खाली बसले ती उठलेच नाही. पोरीने एक खोटं सांगितलं, बापाने ते खरं केलं, पेपरने ते छापलं, आता सरकार ते पूर्ण करायला निघालं आहे. एवढं चोख काम सरकारने आमच्या कोणत्याच खऱ्या गोष्टीसाठी केलं नव्हतं.

यांना सांगितलं. हे उठले. पायात चपला घातल्या आणि निघाले. मीही मागून गेले. वनखात्याच्या कार्यालयात एका टेबलापाशी उभे राहून हे म्हणाले, साहेब, बिबट नव्हता. आणि मग त्या अनोळखी माणसासमोर, पंख्याच्या खडखडाटात, यांनी आग सांगितली. पहिल्यापासून, सगळी. मी बाकावर बसून ऐकली. माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातली ती दुपार मला वनखात्यात कळली. तो माणूस ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, मग यात आमच्या खात्याचा काही संबंध येत नाही. मग त्याने चहा मागवला. हे दोन कप प्यायले.

त्यानंतर खरं सांगत सुटलो, आणि दादा, खरं बोलण्याचं फळ ऐक. केशवरावांना सांगितलं, ते दुखावले, म्हणाले, मी चार लोकांना सांगून बसलो. मिरचीची परवानगी काढून घेतली. मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं. त्या आधी चिडल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या की शाल राहू द्या. रागिणी वर्गात स्वतः उभी राहिली आणि सांगितलं. त्यावर अर्ध्या पोरी म्हणाल्या, अरेरे. उरलेल्या अर्ध्या म्हणतात, आग वगैरे खोटं आहे, बिबटच होता, आम्ही ऐकलं आहे. दोन्ही बाजूंच्या मारामारीत रागिणीची वेणी सुटून आली. चिवडा पाठवणाऱ्या बाईंनी डबा परत मागितला.

तेव्हा दादा, हात टेकले. या गावात खोटं चालत नाही, खरं त्याहूनही चालत नाही. सांबारही चालत नाही. आम्ही परत येतो. तुझ्याकडे भार टाकणार नाही, पण बाजाराच्या बाजूला एखादी खोली असेल तर बघून ठेव. दिवाळीआधी निघतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
पौर्णिमा

ता. क. खोली बघू नकोस. रागिणीने पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, ‘तू जाय. मी प्रियदर्शनीताईजवळ राहीन.’ प्रियदर्शनी म्हणाली, राहू दे काकू, पण मग स्वयंपाक कोण करणार? दोघींनी मिळून मला पेन खाली ठेवायला लावलं. तेव्हा सध्या नको. पुढे लागली तर सांगेन.

आणखी ता. क. क्लासच्या सरांनी यांना काढलं नाही. पोरांनी पेपर वाचला आहे, पुढचं कोणी त्यांना सांगितलेलं नाही. हे नुसते गाडीकडे बघतात आणि पोरगं धावत येऊन ती सरळ करतं. सगळ्या जगाला खरं सांगून झालं, पण पार्किंगमध्ये सांगायला मीच यांना जाऊ दिलं नाही. देव बघून घेईल.

शेवटचं ता. क. आता जे लिहिते त्यासाठीच पत्राला बसले होते आणि पानंच्या पानं भलतंच लिहीत राहिले. वनखात्यातून बाहेर पडल्यावर हे फाटकाशी थांबले आणि म्हणाले, “भागीरथाले भेटाले लागते.” का, ते मी विचारलं नाही. तेच पुढे म्हणाले की शेवटी देवमन त्यांना काहीतरी बोलला, ते तिला सांगायचं आहे. टेबलापाशी त्यांनी सगळं सांगितलं, पण ते नाही सांगितलं. मलाही नाही. मीही मागितलं नाही. आधी तिने ऐकावं.

तर या भाऊबीजेला मला साडी नको. तू भागीरथाकडे जा. पेपरातलं तिच्या कानावर गेलं असेल तर ते कसं झालं ते तूच समजावून सांग, माझ्याहून तुला नीट सांगता येईल. आणि विचार, हे आले तर ती दारात उभं करेल का. हो म्हणाली तरी कळव, नाही म्हणाली तरी कळव. फोन केलास तर ओट्यावरून करू नकोस.

हो म्हणाली तर आम्ही सकाळच्या एसटीने येऊ. स्टँडवर ये. तिच्या गल्लीत एकटा जातो असं हे म्हणतात, जाऊ दे. पण तू थोडं अंतर ठेवून मागून चाल.

पौ.